कॅमेराधारित पूल निरीक्षण

कॅमेराधारित पूल निरीक्षण ही पुलाला स्पर्श न करता, छायाचित्रे व चलच्चित्रे यांच्या साहाय्याने त्याचे विस्थापन, कंपन, कल आणि पृष्ठभागावरील भेगा मोजण्याची पद्धत आहे. स्थापत्य अभियांत्रिकीतील ‘संरचनात्मक स्वास्थ्य निरीक्षण’ या शाखेत तिचा समावेश होतो. वाहन जाताना पुलाचा गाळा किती लवतो, भार उतरल्यावर तो पूर्वस्थितीला येतो का, तो सेकंदाला किती वेळा कंप पावतो आणि गेल्या वर्षीच्या तुलनेत यात फरक पडला आहे का, या प्रश्नांची उत्तरे या पद्धतीत आकड्यांत मिळतात. पूल ‘चांगला दिसतो’ हा शेरा आणि ‘चार मिलिमीटर लवून पूर्ण परत आला’ ही नोंद यांत मोठे अंतर आहे. महाराष्ट्रात २०१६ नंतर घडलेल्या पूल दुर्घटनांमुळे या अंतराकडे लक्ष वेधले गेले.

पार्श्वभूमी

पूल ही निश्चल वस्तू नाही. प्रत्येक वाहनाच्या भाराने त्याच्या तुळया किंचित वाकतात व वाहन पुढे गेल्यावर सरळ होतात. उन्हाने पूल लांबतो, थंडीत आखडतो. वाऱ्याने आणि वाहतुकीने सतत थरथरतो. या हालचाली पुलाच्या ताठपणावर अवलंबून असतात. काँक्रीटला भेगा पडल्या, पोलाद गंजून पातळ झाले, बेअरिंग अडकले किंवा पाया खचला की हालचालींचे स्वरूप बदलते. हा बदल नुसत्या डोळ्यांना जाणवण्याइतका मोठा होतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

भारतात पुलांची तपासणी प्रामुख्याने दृश्य स्वरूपाची असते. अभियंता पुलाखाली जाऊन काँक्रीटचे सुटलेले पापुद्रे, उघड्या सळया, भेगा, पाझर व बेअरिंगची अवस्था पाहतो आणि ठरलेल्या तक्त्यात नोंदवतो. पुलाच्या क्षमतेविषयी शंका आल्यास भारचाचणी घेतात. वजन केलेले मालमोटारींचे भार पुलावर ठरावीक जागी उभे करून लवण मोजले जाते, चोवीस तास भार तसाच ठेवला जातो आणि तो काढल्यावर पूल किती प्रमाणात पूर्वस्थितीला आला हे पाहिले जाते. या चाचणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. तीनुसार भार काढल्यानंतर चोवीस तासांनी प्रबलित काँक्रीटच्या पुलाने किमान ७५ टक्के, तर पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या पुलाने किमान ८५ टक्के लवण भरून काढणे अपेक्षित असते.

लवण मोजण्याचे रूढ साधन म्हणजे डायल गेज. त्याची अडचण अशी, की ते पुलाच्या तळाला टेकलेले आणि त्याच वेळी जमिनीवर स्थिर असावे लागते. म्हणजे पुलाखाली परांची उभारणे आले. नदी वाहती असेल, दरी खोल असेल किंवा खालून रेल्वेमार्ग जात असेल, तर हे खर्चाचे, कधी धोक्याचेही ठरते. कॅमेरा मात्र काठावर, पुलापासून दूर ठेवता येतो. या पद्धतीचा मुख्य लाभ हाच होय.

इतिहास

छायाचित्रावरून मोजमाप करण्याची कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणता येईल. जर्मन वास्तुशास्त्रज्ञ आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे १८५८ मध्ये वेट्सलार येथील कॅथीड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचले. त्यानंतर इमारतीवर चढण्याऐवजी तिच्या छायाचित्रांवरूनच मापे काढावीत, या विचाराने त्यांनी काम सुरू केले. छायाचित्रमापनाला आज जे ‘फोटोग्रामेट्री’ हे नाव आहे, ते त्यांनी १८६७ मध्ये रूढ केले. निरीक्षकाचा जीव धोक्यात न घालता मोजणे हा या विद्येचा मूळ हेतू आजही बदललेला नाही.

संगणकामुळे या विद्येला वेग आला. १९८१ मध्ये लुकास व कानाडे, तसेच हॉर्न व शुंक यांनी एकापाठोपाठच्या चित्रांतील हालचाल गणिताने शोधण्याच्या दोन पद्धती स्वतंत्रपणे मांडल्या. त्याच सुमारास अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात पदार्थाच्या पृष्ठभागावरील ठिपक्यांच्या चित्रांची तुलना करून त्यातील विकृती मोजण्याची ‘अंकीय प्रतिमा सहसंबंध’ पद्धत आकाराला आली. प्रत्यक्ष पुलावरील आरंभीच्या प्रयोगांत इंग्लंडमधील हंबर पुलाचा उल्लेख होतो. १४१० मीटर लांबीचा मुख्य गाळा असलेल्या या झुलत्या पुलाच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्याचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी चलच्चित्रातील अतिसूक्ष्म हालचाली अनेक पटींनी वाढवून दाखवण्याचे तंत्र जाहीर केले. मनगटाची नाडी उडताना दिसावी, इतकी वाढ त्यातून मिळते. पुढे हे तंत्र पुलांच्या कंपनाभ्यासातही वापरले गेले.

कार्यपद्धती

कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवून पुलाच्या गाळ्याच्या मध्यभागी रोखतात. तुळईवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे एक लक्ष्यफलक चिकटवतात. ते शक्य नसल्यास बोल्टचे डोके, काँक्रीटवरील डाग किंवा कठड्याचा कोपरा अशी ठळक खूण निवडतात. वाहने जात असताना चलच्चित्र घेतले जाते. पहिल्या चौकटीतील खुणेभोवतीचा छोटा तुकडा संगणक पुढील प्रत्येक चौकटीत शोधतो आणि तो किती पिक्सेल सरकला हे नोंदवतो. लक्ष्यफलकाचा खरा आकार ठाऊक असल्यामुळे पिक्सेलचे मिलिमीटरमध्ये रूपांतर करता येते.

एका उदाहरणावरून हा हिशेब स्पष्ट होईल. कॅमेरा पुलापासून २० मीटर अंतरावर आहे, भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे आणि संवेदकावरील एका पिक्सेलची रुंदी ३.४५ मायक्रोमीटर आहे, असे धरू. अंतर व नाभीय अंतर यांचे गुणोत्तर ४०० येते. म्हणून एक पिक्सेल पुलावरील ४०० × ३.४५ = १३८० मायक्रोमीटर, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर एवढी जागा व्यापतो. यावरून १.४ मिलिमीटरहून कमी हालचाल मोजताच येणार नाही असे वाटेल. पण तसे नाही. खुणेच्या कडेवरील पिक्सेलची तेजस्विता हळूहळू बदलत असते. त्या बदलाला वक्र जुळवून पिक्सेलच्या अंशापर्यंत स्थान ठरवता येते. उघड्यावरील कामात पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकी अचूकता मिळाली, तरी वरील मांडणीत सुमारे ०.१४ मिलिमीटर विस्थापन ओळखता येते. भारित मालमोटारीखाली काही मिलिमीटर लवणाऱ्या पुलासाठी एवढे पुरेसे असते.

दुसरी मोजण्याची गोष्ट म्हणजे कंपनाची वारंवारता. स्वित्झर्लंडमधील महामार्ग पुलांवरील चाचण्यांतून पुलाची लांबी व त्याची पहिली नैसर्गिक वारंवारता यांच्यात एक ढोबळ नाते आढळले. त्यानुसार २५ मीटरचा गाळा सेकंदाला साधारण चार ते पाच वेळा कंप पावतो. कोणतेही कंपन नीट टिपण्यासाठी त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने चित्रे घ्यावी लागतात. सेकंदाला तीस चौकटी टिपणारा साधा कॅमेराही त्यामुळे या कामी चालतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याबाबत मात्र एक सावधगिरी हवी. तो बहुधा पूर्ण चौकट एकाच क्षणी टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो; शिवाय चित्र साठवताना त्यातील बारकावे दाबून टाकतो. अभ्यासासाठी तो उत्तम आहे, पण पुलाच्या सुरक्षिततेचा दाखला देण्यासाठी नाही.

वारंवारता ही ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताठपणा १० टक्क्यांनी घटला तर वारंवारता केवळ ५ टक्क्यांच्या आसपास उतरते. नेमकी येथेच या पद्धतीची कसोटी लागते, कारण तापमानामुळेही जवळपास तेवढाच फरक पडू शकतो. स्वित्झर्लंडमधील ‘झेड-२४’ हा पूल पाडण्यापूर्वी १९९८ मध्ये त्याला मुद्दाम टप्प्याटप्प्याने इजा करून मोजमापे घेण्यात आली. त्या पुलावरील दीर्घकालीन नोंदींत, गोठणबिंदूखालच्या थंडीत रस्त्यावरील डांबराचा थर कडक होऊन वारंवारता वाढल्याचे दिसले. एकदाच घेतलेले मोजमाप म्हणून फारसे काही सांगत नाही. पूल नवा असताना घेतलेली नोंद, निरनिराळ्या ऋतूंतील नोंदी आणि प्रत्येक नोंदीबरोबर तापमान, एवढे असेल तरच बदल पुलाचा की हवेचा हे ठरवता येते.

भेगांचे चित्रण

भेगा शोधण्यासाठी स्थिर छायाचित्रे वापरतात. ती ड्रोनवरून किंवा पुलाखाली पोहोचणाऱ्या यांत्रिक हातावरून घेतली जातात आणि त्यातील भेगा ओळखण्यासाठी अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग केला जातो. हे काम वाटते तितके हलके नाही. ०.२ मिलिमीटर रुंदीची भेग नीट दिसायची, तर एका पिक्सेलने ०.१ मिलिमीटरहून अधिक जागा व्यापता कामा नये. चार हजार पिक्सेल रुंद आणि तीन हजार उंच अशा छायाचित्रात मग पुलाचा केवळ ४० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा मावतो. ३० मीटर लांब व ८ मीटर रुंद गाळ्याच्या तळासाठी, छायाचित्रे एकमेकांवर मुळीच न चढवताही, दोन हजार छायाचित्रे लागतात. दूरवरून उडणाऱ्या ड्रोनची सुबक दृश्ये म्हणजे तपासणी नव्हे, हे यावरून लक्षात येईल.

चित्र असणे आणि ते वाचले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे मिसिसिपी नदीवरील महामार्ग पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जण मरण पावले. सांध्यांवरील पोलादी जोडपट्ट्या आवश्यकतेपेक्षा पातळ असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्या जोडपट्ट्या वाकल्याचे १९९९ व २००३ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होते. मेम्फिस येथील याच नदीवरील दुसऱ्या एका पुलाची मुख्य तुळई मे २०२१ मध्ये भंगलेली आढळली व पूल तातडीने बंद करण्यात आला. ती भेग २०१९ मधील ड्रोनच्या चित्रणातही उमटलेली होती.

महाराष्ट्रातील पूल दुर्घटना आणि मोजमापाचा प्रश्न

रायगड जिल्ह्यातील महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बस व इतर वाहने नदीत पडून अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. हा दगडी कमानींचा पूल १९२८ मधील होता. शेजारी नवा पूल असूनही एका दिशेची वाहतूक जुन्या पुलावरून चालू होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरवण्यात आला होता. त्या जागी उभारलेला नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला.

या दुर्घटनेत कॅमेरा उपयोगी पडला असता का, याचे प्रामाणिक उत्तर ‘कदाचित थोडाच’ असे द्यावे लागते. दगडी कमान ताठ असते. ती पोलादी तुळईप्रमाणे लवून इशारा देत नाही. पुरात पायाखालची माती-वाळू धुपते ती गढूळ पाण्याखाली, कॅमेऱ्याच्या दृष्टीआड. खांबाचा कल हळूहळू बदलत गेला तर तो काठावरील कॅमेऱ्याला दिसू शकतो. पण कोसळणे मिनिटांत घडले, तर तेवढा अवधी मिळत नाही. अशा पुलासाठी नदीची पातळी सतत मोजणे आणि ठरावीक पातळीला वाहतूक बंद करणे हाच अधिक भरवशाचा उपाय आहे. खांबावर रंगवलेली पूरपट्टी वाचण्याचे साधे काम मात्र कॅमेरा चोख करू शकतो.

मुंबईतील अंधेरी येथील गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला. त्यानंतर मुंबईतील रेल्वेमार्गांवरून जाणाऱ्या ४४५ पुलांची भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हिच्या सहभागाने तपासणी करण्याचे रेल्वेने जाहीर केले. तरीही पुढच्याच वर्षी, १४ मार्च २०१९ रोजी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पूल या पादचारी पुलाचा मोठा भाग गर्दीच्या वेळी खाली आला व सात जणांचे प्राण गेले. त्याआधीच्या संरचना तपासणीत या पुलाला केवळ किरकोळ दुरुस्ती सुचवण्यात आली होती. अशा पुलाच्या प्रत्येक गाळ्याचे गर्दीतील लवण व पहाटेच्या रिकाम्या वेळचे लवण नोंदवलेले असते, तर शेऱ्याला आकड्याची जोड मिळाली असती. गंजलेल्या सळया तरीही स्लॅबच्या आतच राहिल्या असत्या.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. येथे प्रश्न मोजमापाचा नव्हताच. पूल धोकादायक असल्याचे ठाऊक होते आणि तशी सूचनाही होती. अशा ठिकाणी लवण मोजणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा माणसे मोजणारा कॅमेरा आणि त्याच्या इशाऱ्यावर प्रत्यक्ष बंद होणारे फाटक अधिक उपयोगाचे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची नोंद ठेवणारी ‘भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली’ सुरू केली. मोजमापांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी अशा एका ठिकाणी राहिल्या तरच त्यांची तुलना शक्य होते. जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्त्यांवरील हजारो लहान पूल मात्र राष्ट्रीय महामार्गांच्या बाहेर आहेत.

मर्यादा

कॅमेरा पृष्ठभाग पाहतो. इटलीतील जेनोवा येथील मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ जण मरण पावले. त्याच्या ताणदोऱ्यांतील पोलाद काँक्रीटच्या आवरणात झाकलेले होते आणि गंज आतल्या आत वाढत गेला. अशा दोषांसाठी ध्वनिलहरी, क्ष-किरण किंवा चुंबकीय तपासणीचीच गरज असते.

उघड्यावरील मोजमापात इतरही अडथळे येतात. वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या वाहनाने कॅमेरा हलला, तर पूलच हलल्यासारखा भासतो. यावर उपाय म्हणून पुलाबाहेरची एखादी स्थिर खूण, जसे काठावरचा खडक, त्याच चौकटीत ठेवतात आणि तिची भासमान हालचाल मोजमापातून वजा करतात. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या झळांमुळे चित्र डुचमळते. ढगाच्या सावलीने तेजस्विता बदलली की संगणकाला खूण सापडत नाही. पाऊस, धुके आणि रात्र यांचा त्रास वेगळा सांगायला नको. ड्रोनसाठी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार क्षेत्रनिहाय परवानगीचे बंधन आहे.

मराठवाड्यातील पुलांच्या संदर्भात

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर वसलेले घाटनांदूर हे परळी वैजनाथ–लातूर रोड रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. या भागात ओढे व लहान नद्या वर्षातील बराच काळ कोरड्या असतात आणि पावसाळ्यात काही तासांत दुथडी भरून वाहतात. त्यांवरील पूल बहुधा लहान गाळ्यांचे स्लॅब पूल, नळकांडी पूल आणि मोऱ्या या प्रकारचे असतात. आठ-दहा मीटरचा जाड स्लॅब बसखाली मिलिमीटरभरही लवेल न लवेल. तेथे कॅमेऱ्याने लवण मोजण्यातून फारसे निष्पन्न होत नाही. मोरीचे तोंड गाळाने व काटक्याकुटक्यांनी तुंबले आहे का, पुलाच्या खालच्या अंगाला पाण्याने खड्डा पाडला आहे का आणि पाया उघडा पडला आहे का, हे दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच कोनातून काढलेल्या छायाचित्रांत अधिक चांगले समजते. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक पूल पाण्याखाली गेले. अशा पुलांच्या बाबतीत पूर ओसरल्यावरचे छायाचित्र व आधीचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहणे हीच पहिली तपासणी ठरते.

रेल्वेच्या पोलादी तुळयांच्या पुलांची गोष्ट वेगळी आहे. भारतीय रेल्वेवर १२.२, १८.३, २४.४ व ३०.५ मीटर असे तुळयांचे प्रमाणित गाळे वापरले जातात. इंजिनाचा भार ठाऊक असतो, गाडी ठरलेल्या मार्गानेच जाते आणि पोलादी तुळईचे लवण काही मिलिमीटरपर्यंत असते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मोजमापाला हे पूल सोयीचे आहेत. पात्र कोरडे असताना तिकाटणे थेट पुलाखाली, लक्ष्यफलकासमोर उभे करता येते. बारमाही नद्यांवरील पुलांना ही सोय नसते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत झळांमुळे दुपारचे चित्रण टाळून सूर्योदयाच्या सुमारास काम आटोपावे लागते, आणि त्या वेळी गाडी नसेल तर मालगाडीची वाट पाहावी लागते.